तोंड किती उघडतं? मोजताना कुठे चुकतं

नमस्कार मंडळी. काळ्या मसाल्याची मिसळ वर्षानुवर्षं आवडीनं खाणारा माणूस "आता साधी फोडणीसुद्धा झोंबते" म्हणाला, तर नाशकात आधी सुपारी-गुटख्याचं विचारा. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर पांढरट, निबर होतं, त्यात दोरीसारखे पट्टे येतात आणि तोंड उघडेनासं होतं. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

सिन्नर-निफाडकडे गावपाहणी करताना तोंड किती उघडतं हे मोजायला व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये दाखवणारी सरकती मोजपट्टी घ्या. माणसाला ताठ बसवा, डोकं मागे टेकवा. दुखणार नाही इतपत तोंड पूर्ण उघडायला सांगा. वरच्या उजव्या मधल्या पटाशीच्या दाताच्या कडेपासून त्याच्या समोरच्या खालच्या दाताच्या कडेपर्यंत मोजा. तीनदा मोजा. तिन्हींतला मोठा आकडा धरायचा की सरासरी, हे पाहणी सुरू होण्याआधीच ठरवा. मोठ्या माणसात साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं, तर तोंड कमी उघडतंय.

घोळ होतो तो इथे. पटाशीचे दात पडलेले असले तर हिरडीपासून हिरडीपर्यंतचं अंतर मोजलं जातं. दातांची उंची त्यात मिसळते आणि आजारी तोंडही चांगलं दिसतं. अशांची नोंद वेगळी ठेवा. अक्कलदाढेची सूज किंवा जबड्याच्या सांध्याचं दुखणं असलं तरी तोंड कमी उघडतं, म्हणून गालात बोट फिरवून पट्टे लागतात का ते बघाच. आणि दोन तपासनीस असतील, तर आधी त्याच काही माणसांना दोघांनी वेगवेगळं, एकमेकांचा आकडा न बघता मोजायला हवं. दोघांचे आकडे जुळत नसतील, तर एका गावात आजार जास्त आणि दुसऱ्यात कमी, हा निष्कर्ष आजाराचा नसून तपासनिसाचा असतो.

प्रश्नावलीत तर याहून मोठी गफलत होते. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की अनेक बायका "नाही" म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. त्या मशेरी लावतात, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून विचारा: ताई, दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा? किती वेळ तोंडात ठेवता?

ही मेहनत वाया जात नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू न तपासलेल्या गटापेक्षा ३४ टक्के कमी झाले. २००५ मध्ये तो निकाल प्रसिद्ध झाला.

तपासणीत पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर त्याच दिवशी चिठ्ठी द्या: सिव्हिल किंवा पंचवटीतलं दंत महाविद्यालय. चिठ्ठीवर मिलिमीटरचा आकडा आणि कोणत्या दातांवर मोजलं तेही लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी मोजता येईल.