पठारावरचा पडदा

(दृश्य : ताळगावचे पठार, दुपारचे तीन. गोवा विद्यापीठातल्या एका सभागृहात खिडक्यांवर काळे कापड ताणले जात आहे.)

नोव्हेंबरची वीस तारीख जवळ आली की पणजी सिनेमाने भरून जाते. २००४ पासून इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, मुक्काम मांडवीकाठी आहे. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारातले आयनॉक्स, शेजारचा मॅकिनेझ पॅलेस, पुढे कला अकादमी. आठ-नऊ दिवस रांगाच रांगा. उरलेले वर्षभर मात्र इराणचा, हंगेरीचा किंवा मणिपूरचा चित्रपट चारचौघांत बसून मोठ्या पडद्यावर बघायचा, तर तो कुणीतरी लावावा लागतो. विद्यापीठात तो लावता येतो.

असे खेळ लावण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ ची, फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ चा, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. तेव्हा वकिलातींकडून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून रिळे मागवावी लागत. आता चित्रपट दुव्यावरून उतरवून घेता येतो, म्हणून काम सोपे झाले असे वाटते. कोणता चित्रपट लावायचा यावर विद्यापीठाच्या चित्रपट मंडळाच्या बैठकीत दोन-दोन तास वाद होतात. खोलीचा विषय मात्र निघतच नाही, आणि खेळ पडतो तो बहुतेक वेळा खोलीपायी.

(दृश्य : पडद्यावर खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ.)

सुरुवात अंधारापासून करू. प्रोजेक्टर कमजोर आहे, ही नेहमीची तक्रार. हिशेब वेगळे सांगतो. पडदा तीन मीटर रुंद आणि रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस मीटर. चित्रपटगृहात पडद्यावर जेवढी प्रखरता अपेक्षित असते, तेवढी इतक्या पडद्यावर मिळवायला साधारण आठशे ल्यूमेन (उजेड मोजायचे एकक) पुरतात. वर्गातल्या प्रोजेक्टरवर तीन-साडेतीन हजारांचा आकडा छापलेला असतो. म्हणजे उजेड पुरून उरतो. कमी पडतो तो काळोख. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. पडद्यावर बाहेरचा जेवढा उजेड पडतो, त्याहून काळे काही दिसूच शकत नाही. रात्रीच्या प्रसंगात सगळी माणसे राखाडी धुक्यात फिरताना दिसली, तर नवा प्रोजेक्टर मागवण्याआधी पडदे तपासावेत.

चाचणी साधी आहे. प्रोजेक्टर बंद ठेवायचा, दिवे घालवायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि पडद्याजवळ वर्तमानपत्र धरायचे. मथळे वाचता आले तर खोली अजून उजेडात आहे. गोव्यातल्या इमारतींना वाऱ्यासाठी वर झरोके ठेवलेले असतात. खालच्या खिडक्या झाकल्या जातात आणि झरोके राहून जातात. साधे सुती पडदे चालत नाहीत. आतून काळे अस्तर लागते, आणि ते चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना वीतभर यायला हवे. दारावरचा हिरवा फलक मात्र झाकायचा नाही. बाहेर पडण्याची वाट दिसलीच पाहिजे.

दारे-खिडक्या बंद झाल्या की पंखे लागतात, आणि पंख्यांच्या घरघरीत कुजबुजलेले संवाद बुडतात. वातानुकूलित सभागृह मिळवण्याचा आग्रह धरावा तो गारव्यासाठी कमी आणि शांततेसाठी जास्त.

(दृश्य : सपाट जमिनीवरच्या खुर्च्या. एक विद्यार्थिनी शेवटच्या रांगेत बसून पडद्याकडे बघते आहे.)

वर्गखोलीची जमीन सपाट असते. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येते. चित्राची खालची कड त्याच उंचीवर असली, तर मागच्यांना उपशीर्षके दिसत नाहीत, आणि परभाषेतल्या चित्रपटात उपशीर्षक गेले की अर्धा चित्रपट गेला. म्हणून चित्राची खालची कड किमान एक मीटर चाळीसवर घ्यावी. पावणेदोन मीटर उंचीचे चित्र मग सव्वातीन मीटरच्या छताखाली जेमतेम बसते. छत त्याहून खाली असेल तर पडदा लहान करावा. खुर्च्या एकीमागे एक न ठेवता अर्ध्या खुर्चीने सरकवून लावाव्यात.

प्रोजेक्टर चित्राच्या मध्यरेषेवर, बरोबर समोर हवा. त्याचा फेकगुणक, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर तो ठेवायचा तो आकडा, दीड असेल तर तीन मीटर रुंद चित्रासाठी तो साडेचार मीटरवर बसतो. तो तिरका ठेवून कीस्टोनच्या बटणाने चित्र सरळ करण्याची सवय वाईट. त्यात चित्राचे बिंदू वाया जातात आणि कडा भुरकट होतात. तसेच चित्राच्या आकाराचे. जुने चित्रपट १.३७ प्रमाणात, जवळपास चौकोनी असतात. प्रोजेक्टर पूर्ण पडदा भरण्याच्या सेटिंगवर राहिला तर प्रत्येक चेहरा फुगतो, आणि दुःख हे की अर्ध्या प्रेक्षकांना ते जाणवतही नाही. पडद्यावर आधी एक वर्तुळ टाकून बघायचे. ते अंडाकृती दिसले तर सेटिंग चुकले आहे. रुंद, २.३९ प्रमाणाचा चित्रपट तीन मीटरच्या पडद्यावर फक्त सव्वा मीटर उंच दिसतो. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या येऊ द्याव्यात.

(दृश्य : लॅपटॉपवर उपशीर्षकांची फाइल. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे.)

आता उपशीर्षके. मराठी किंवा कोकणी उपशीर्षके करण्याची हौस दांडगी असते, आणि असावीच. पण फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या प्रचलित स्वरूपात, जतन केलेली नसेल तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची माळ येते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उमटतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. देवनागरीची आणखी एक अडचण आहे. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ओळींमधले अंतर वाढवावे, नाहीतर एकाच ओळीत भागवावे. एका वेळी दोनच ओळी, आणि कोणतेही वाक्य सेकंदभराहून कमी काळ दाखवू नये. अक्षरे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये. ते काना-मात्रा सुट्या धरते, त्यामुळे आकडा फुगतो.

उपशीर्षके मागे-पुढे होणे दोन तऱ्हेचे असते, आणि दोन्हींवर उपाय वेगळा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये एच दाबून ती उशिरा दाखवता येतात, जी दाबून लवकर आणता येतात. फरक हळूहळू वाढत गेला तर मात्र चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) आणि फाइल २५ च्या प्रतीवरून केलेली, असे समजावे. तासाभरात अडीच मिनिटांची तफावत पडते. कितीही बटणे दाबली तरी ती जात नाही. फाइल त्या प्रमाणात ताणून घ्यावी लागते, आणि ते काम आदल्या दिवशीचे.

डिस्कवरही तेच संकट निघते. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी २५ चौकटींच्या वेगाने चालतात, म्हणजे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. अनेक ब्लू-रे डिस्कना प्रदेशाचे कुलूप असते. भारत सी गटात, युरोप बी गटात. मित्राने लिस्बनहून आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. चित्रपटगृहांतली डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) प्रत तर विद्यापीठात सहसा नकोच. ती शे-दीडशे जीबीची असते, खास सर्व्हर मागते, आणि कुलूपबंद असली तर ठरावीक सर्व्हरला ठरावीक तास-दिवसांपुरतीच किल्ली मिळते. हक्कधारकाकडून साधी, चांगल्या दर्जाची फाइल मागवावी.

(दृश्य : ध्वनिफीत तपासणारा विद्यार्थी, भिंतीवर दोन स्पीकर.)

संगीत जोरात आणि संवाद ऐकूच येत नाहीत, ही तक्रार आली की कारण बहुधा एकच. चित्रपटाचा आवाज ५.१ चा, म्हणजे सहा वाहिन्यांचा, असतो आणि संवाद मधल्या वाहिनीवर. लॅपटॉपने फक्त डावी-उजवी वाहिनी बाहेर सोडली तर संवाद गळतात. प्लेअरमध्ये स्टीरिओ मिश्रण निवडले की ते परत येतात. स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा आहे, आवाजाच्या तारेत आयसोलेटर (गुणगुण अडवणारे छोटे साधन) लावावा. एचडीएमआय जोडल्यावर आवाज कधी कधी प्रोजेक्टरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरकडे जातो, तेही आधीच बघून घ्यावे. दहा मीटरपेक्षा लांब साधी एचडीएमआय तार मध्येच चित्र घालवते.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर पठारावर हवा इतकी दमट असते की वातानुकूलित कपाटातून काढलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर लगेच वाफ धरते. अर्धा तास आधी तो सभागृहात आणून ठेवावा. फडक्याने पुसत बसू नये. कपाटात सिलिका जेल न ठेवल्यास भिंगाला बुरशी लागते, आणि खाऱ्या हवेने तारांची टोके गंजतात. वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पुन्हा पेटत नाही. तापलेला दिवा थंड व्हायला काही मिनिटे जातात. म्हणून यूपीएस लॅपटॉपपेक्षा प्रोजेक्टरला जास्त हवा.

(दृश्य : सूचनाफलकावर भित्तिपत्रक लावले जात आहे.)

भित्तिपत्रकावर «सर्वांना मुक्त प्रवेश» असे लिहिण्याआधी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वाचावे. शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात चित्रपट दाखवण्याची सवलत त्यात आहे. पण प्रेक्षक संस्थेतले शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक, एवढेच हवेत. गावाला बोलावले की सवलत गेली. विकत घेतलेली डिस्क किंवा ओटीटीची वर्गणी म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क नव्हे. सेन्सॉर प्रमाणपत्र हा आणखी वेगळा प्रश्न. ते १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली येते, आणि महोत्सवात फिरलेल्या अनेक परदेशी चित्रपटांकडे ते नसते.

बाहेरच्यांना बोलवायचेच असेल तर हक्कधारकाला पत्र लिहावे. चित्रपटाचे नाव, तारीख, जागा, आसनांची संख्या, तिकीट आहे की नाही, आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी, एवढे पहिल्याच पत्रात असले तर उत्तर लवकर येते. फ्रेंच आणि पोर्तुगीज सिनेमासाठी पणजीतल्याच आलियांस फ्रान्सेझमध्ये आणि कामोइश केंद्रात आधी विचारावे. पत्र आणि खेळ यांत दीड-दोन महिने ठेवावेत, आणि ते मोजताना चवथीची सुट्टी, सत्र परीक्षा आणि इफ्फीचा आठवडा वगळावा.

वेळ ठरवते ती बस. सत्तरी, पेडणे, काणकोणची मुले पणजीहून किंवा मडगावहून पुढची कदंब (गोव्याची सरकारी बस) गाठतात. साडेतीनला सुरू केलेला शंभर मिनिटांचा चित्रपट पाच मिनिटांची ओळख आणि पाऊण तासाची चर्चा धरून सहाला संपतो. साडेपाचला सुरू केला तर चर्चेच्या वेळी खोली अर्धी रिकामी. दोन तासांच्या आतल्या चित्रपटाला मध्यंतर नको. दिग्दर्शकाने ते ठेवलेले नसते. चहा आधी पाजावा.

ओळख करून देणाऱ्याने कथा सांगू नये. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नयेत, आणि लावले तरी निम्मेच. «कसा वाटला?» या प्रश्नाला «छान» एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा एखादे दोन मिनिटांचे दृश्य पुन्हा दाखवून कॅमेरा इथेच का थांबला, असे विचारावे. त्यासाठी त्या दृश्याची तास-मिनिटे आधीच कागदावर टिपलेली हवीत. ऐनवेळी पुढे-मागे करताना शेवटचा प्रसंग भलत्याच वेळी पडद्यावर येतो.

खेळानंतर प्रोजेक्टरचा पंखा आपोआप थांबेपर्यंत वीज बंद करू नये. दुसऱ्या दिवशी हक्कधारकाला प्रेक्षकसंख्या कळवावी, आणि फाइल मुदतीत पुसण्याची अट असेल तर ती पुसून तसे त्याच पत्रात लिहावे.