उद्या घेणाऱ्या माणसासाठी राखलेलं घर

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'घराची सजावट आणि पुनर्विक्रीचं मूल्य'. तो मीच कळवला होता आणि त्यावर मी बोलणार आहे. पण सुरुवात एका माणसापासून करते. हा माणूस तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात राहतो. भाडं देत नाही, मेंटेनन्स भरत नाही, पण टाइल निवडताना पहिलं मत त्याचं. आपण त्याला 'उद्या घेणारा' म्हणतो. सत्तावीस वर्षं मी लोकांची घरं लावून देते आहे. पहिल्या बैठकीला नवरा, बायको, कधी आजी-आजोबा असतात आणि पाचव्या खुर्चीवर हा बसलेला असतो. बाईंना स्वयंपाकघरात पोपटी भिंत हवी असते. कुणीतरी म्हणतं, 'अगं, उद्या घेणाऱ्याला नाही आवडली तर?' आणि भिंत ऑफ-व्हाइट होते. हात वर करा बघू, किती जणांच्या घरी असं झालंय? बापरे! मागच्या रांगेत तर नवरा-बायको दोघांचे हात वर आहेत. (हशा)

हा माणूस आपल्याकडे फार जुना नाही. पेठेतल्या वाड्यात वाढलेले इथे बरेच जण असतील. वाड्यात बहुतेक जण भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्यामुळे भाडं गोठलेलं, त्यामुळे दोन खोल्यांत तीन-तीन पिढ्या निघाल्या. खोली आपली नव्हतीच, तर विकणार काय? पण भिंतीत कोनाडा होता, फडताळ होतं, खुंट्या होत्या. दिवाळीला चुन्यात नीळ घालून भिंत रंगवायची, वाटलं तर पुढच्या वर्षी गुलाबी. मालकी नसलेल्या खोलीत माणसं मोकळेपणानं राहत होती, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

पुढे १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठचे वाडे गेले आणि शहर पसरायला लागलं. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकीच्या फ्लॅटचा कायदा आला, ज्याला आपण मोफा म्हणतो. १९७० मध्ये अपार्टमेंटचा कायदा आला. मध्यमवर्गाच्या हातात स्वतःच्या नावाचं घर आलं. ही फार मोठी गोष्ट घडली, मी तिला जराही कमी लेखत नाही. आयुष्यभराची कमाई एका जागी ठेवल्यावर माणूस तिला जपणारच. पण जपता जपता आपण त्या घरात पाहुण्यासारखे राहायला लागलो.

आता एक गोष्ट सांगते. जरा लांब आहे, पण मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कोथरूडला एक जोडपं. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिक्षिका होत्या. १९९१ मध्ये त्यांनी दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. पाच वर्षांत हा विकायचा आणि पुढे कुठेतरी प्लॉट घेऊन टुमदार बंगला बांधायचा, असं काकांचं ठरलेलं. २०१६ मध्ये काकूंनी मला बोलावलं ते ओटा बदलायला. जुना कडाप्पा होता, कडेला टवके उडालेले. मी मापं घेत होते. मागच्या खोलीत दोन स्टुलांवर एक लांब फळी होती, तिच्यावर जुनी चादर आणि चादरीवर इस्त्री. टेपचं टोक धरायला म्हणून मी चादर सरकवली, तर खाली फणसाचं लाकूड. पिवळं, दीड इंच जाड, हात फिरवला तर लोण्यासारखं. चार कोपऱ्यांना चार भोकं.

मी विचारलं, 'काकू, हा झोपाळा आहे ना?'

काकू म्हणाल्या, 'होता. माहेरचा, गुहागरचा. आईनं दिला मला.' पितळी कड्या त्यांनी माळ्यावरच्या डब्यात ठेवल्या होत्या, कापडात गुंडाळून. दर दसऱ्याला चिंच लावून घासायच्या आणि परत ठेवून द्यायच्या.

काका आतून म्हणाले, 'स्लॅबला चार भोकं पाडली की घेणारा दर पाडून मागतो. तेव्हाच सांगितलं होतं मी.' आवाजात चीड नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होते. चांगला माणूस. मी विचारलं, 'काका, विकायचाय कधी?' ते थोडं थांबले. म्हणाले, 'आता कुठला विकतोय.'

पंचवीस वर्षं! त्या हॉलच्या भिंती पंचवीस वर्षं ऑफ-व्हाइट होत्या. खिळा ठोकायचा नाही म्हणून मुलांची बक्षिसं आणि लग्नातले फोटो कपाटात. आणि झोपाळ्यावर इस्त्री.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं. हे मुद्दाम सांगते, कारण आज घरी जाऊन कुणी ड्रिल हातात घेईल. झोपाळ्याचं वजन नुसतं खाली लोंबत नाही, तो हलतो, हिसका देतो. त्यांनी बीमच्या जवळची जागा दाखवली, सळई कुठे आहे ते यंत्रानं तपासलं आणि रसायन भरून पक्के बसणारे चार अँकर सांगितले. एका दिवसाचं काम. कड्या लावल्या. काकू पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी पाय जमिनीला लावून एकच झोका घेतला आणि उठून चहा टाकायला गेल्या. पुढची सहा वर्षं त्या झोपाळ्यावर सगळ्यात जास्त कोण बसलं असेल? काका. दुपारी पेपर घेऊन, पेपर छातीवर ठेवून झोपून जाईपर्यंत.

२०२२ मध्ये सोसायटी पुनर्विकासाला गेली. मी कारागीर पाठवला. चार नट काढायला पाऊण तास लागला. तो मला फोनवर विचारतो, 'मॅडम, भोकं बुजवू का?' ज्या भोकांची काकांना पंचवीस वर्षं धास्ती होती, ती बुजवायची गरजच उरली नव्हती. पुढच्या महिन्यात यंत्रं आली आणि स्लॅबसकट सगळं खाली आलं. ज्याच्यासाठी घर राखलं तो घेणारा आलाच नाही. आला तो विकसक, आणि त्यानं मोजलं काय, तर जमीन, एफएसआय म्हणजे त्या जमिनीवर किती बांधता येईल ते, आणि प्रत्येकाचा कारपेट एरिया. भिंत ऑफ-व्हाइट आहे की जांभळी, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. काकू आता भाड्याच्या घरात आहेत. नव्या इमारतीच्या स्लॅबमध्ये काँक्रीट पडायच्या आधीच चार हूक बसवून घ्यायचे, असं त्यांनी आर्किटेक्टकडून लेखी घेतलंय.

इतकं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई म्हणतात ते हेच, की हवं ते करा. तसं नाही. दुसऱ्या बाजूचीही घरं मी पाहिली आहेत आणि त्यातलं एक मला अजून छळतं. सातव्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट. मालकांना दोन बेडरूम जोडून एक प्रशस्त खोली हवी होती आणि संडास-बाथरूम सरकवून त्या खोलीला जोडायचं होतं. मधली भिंत निव्वळ विटांची होती, पाडता आली असती. बाथरूमला मी नाही म्हटलं. इमारतीत बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात पाइप, त्यावर वीटभट, कोबा, वॉटरप्रूफिंग आणि शेवटी फरशी. हा खड्डा जिथे आहे तिथेच पाणी असावं, अशी सगळी रचना. तो सोडून बाथरूम सरकवलं की फरशी उंच करावी लागते, पाइपला हवा तसा उतार मिळत नाही आणि खाली येतं शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. मी नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणीतरी ते करून दिलं. दीड वर्षात खालच्यांच्या छताला पोपडे आले. सोसायटीची नोटीस, भांडणं. उपविधींप्रमाणे समितीची परवानगी आधी घ्यायला हवी होती, ती घेतली नव्हती. पुढे बदली झाली आणि फ्लॅट विकायला काढला, तर तीन बेडरूम शोधणारे येऊन दोन खोल्या बघून परत जात. एकाला आवडला, तर बँकेच्या व्हॅल्युअरनं मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांतला फरक लिहून दिला आणि कर्ज अडलं. शेवटी भिंत परत बांधली, बाथरूम जागेवर नेलं, तेव्हा कुठे व्यवहार झाला. त्या खालच्या घरातल्या आजींनी दीड वर्ष ओट्यावर पातेलं ठेवून स्वयंपाक केला होता. त्यांचा या सजावटीशी काय संबंध होता?

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं. म्हणजे जे सांगायला आले ते आता भरभर सांगावं लागणार. लिहून घ्या हवं तर.

घरात काहीही करताना एकच प्रश्न विचारा. हे परत पहिल्यासारखं करायला किती दिवस लागतील आणि ब्रेकर, म्हणजे फोडायचं यंत्र, लागेल का? रंग, पडदे, दिवे, पुस्तकांचं कपाट, झोपाळा, वारली काढलेली भिंत, हे सगळं दोन-चार दिवसांत उलटतं. गडद रंगावर प्रायमर आणि एखादा जास्तीचा हात, संपलं. घेणारा तसाही आल्या आल्या नवा रंग देतोच. इथे त्या पाचव्या खुर्चीवरच्या माणसाला उठवा आणि स्वतःचं मन ऐका. पोपटी भिंत पोपटीच करा.

जिथे ब्रेकर चालतो तिथे मात्र त्याला मान द्या. फरशी, बाथरूमच्या टाइल, ओटा, खिडक्या, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी. इथे साधं, फिकं, बाजारात सहज मिळणारं निवडा. आणि कॉलम-बीमला हात लावायचा नाही, तो प्रश्न आवडीचा नाहीच, सगळ्या इमारतीच्या जिवाचा आहे.

दुसरं, पैसे कुठे घातले तर परत येतात. जाणता घेणारा हॉलच्या पीओपीकडे बघत नाही. तो बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला तळहात लावून बघतो, ओल आहे का. नळ सोडून धार बघतो. गंजलेले जुने लोखंडी जीआय पाइप बदलून प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाकलेत का, अर्थिंग नीट आहे का, एसीला वेगळी लाइन आहे का, हे विचारतो. सोसायटीची थकबाकी नाही ना, शेअर सर्टिफिकेट जागेवर आहे ना, हे तपासतो. भिंतीला चिकटवून केलेल्या फर्निचरला, कितीही लाख घातलेले असोत, तो आपल्या मनानं किंमत देतो आणि ती बहुतेक वेळा दुखावणारी असते. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यातही तुमच्या इटालियन मार्बलला जागा नाही.

तिसरं, इमारतीचं वय बघा. तुमची सोसायटी पस्तीस-चाळीस वर्षांची असेल आणि सभेत ७९-अ चा, म्हणजे पुनर्विकासाचा, विषय निघत असेल, तर पुनर्विक्रीसाठी म्हणून एक रुपयाही सजावटीवर घालू नका. गळती थांबवा, वायरिंग सुरक्षित ठेवा आणि उरलेल्या वर्षांत आनंदानं राहा. स्वस्तातलं, मनासारखं. इमारत नवी असेल आणि चार-पाच वर्षांत खरंच परगावी जायचं असेल, तर वजनदार कामं टाळून सुटं सामान घ्या, ते तुमच्याबरोबर येईल. पण 'खरंच' या शब्दावर रात्री नवरा-बायकोनं एकत्र बसून विचार करा. काकांची पाच वर्षं लक्षात ठेवा.

वास्तूबद्दल चिठ्ठी आलीय. तुमची श्रद्धा असेल तर घर घेतानाच बघा. न पाहिलेल्या माणसाची श्रद्धा असेल म्हणून चालू स्वयंपाकघर आग्नेयेला हलवू नका, पाण्याच्या लाइनी ओढून पस्तावाल.

आता कागद. कायमची भर घालणारं काम केलंत तर बिलं आणि बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा. घर विकताना भांडवली नफा मोजतात, तेव्हा असा सुधारणेचा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवता येतो. नेहमीचं रंगकाम, डागडुजी आणि सुटं फर्निचर त्यात धरत नाहीत, २००१ च्या एप्रिलपूर्वीचा सुधारणा खर्चही नाही. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या घरावर आता साडेबारा टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक न लावता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल, तर इथे राहणाऱ्या व्यक्तीला निर्देशांक लावून वीस टक्क्यांनीही हिशेब करून बघता येतो, कमी येईल तो कर भरायचा. सीएला विचारा, पण बिलं नसतील तर सीए तरी काय करणार?

आणि शेवटचं, मग मी खरंच थांबते. प्लास्टर करण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरच्या नळ्यांचे फोटो काढून ठेवा. नवी फरशी बसवाल तेव्हा दोन बॉक्स जास्तीचे घ्या आणि माळ्यावर ठेवा. टाइलचं डिझाइन दोन-तीन वर्षांत बंद होतं, मग एक फुटली तर अख्खी खोली विजोड दिसते. मी अशी बरीच घरं पाहिलीत जिथे जुने मालक जाताना किल्ल्यांबरोबर ते दोन बॉक्स आणि फोटोंचं पाकीट नव्या माणसांच्या हातात देतात आणि कुठला नळ अर्धाच फिरवायचा हेही सांगतात.

बरं, प्रश्न घेऊ या. तिकडे, निळा शर्ट, तुमचा हात मघापासून वर आहे.