कॉस्टको की क्लिनिक: श्रवणयंत्र निवडताना आणि जुळवून घेताना

(अमेरिकेतील मराठी ज्येष्ठांच्या मेळाव्यात एका ऑडिऑलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कार्यक्रमाआधी माझ्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बहुतेकींत एकच प्रश्न आहे: श्रवणयंत्र कॉस्टकोतून (सभासदांसाठीच्या गोदामवजा दुकानांच्या साखळीतून) घ्यावे की क्लिनिकात जाऊन घ्यावे? प्रश्न पैशाचा आहे आणि तो तसा उघडपणे विचारण्यात काही कमीपणा नाही. कॉस्टकोच्या श्रवण केंद्रात दोन्ही कानांच्या यंत्रांची जोडी साधारण दीड हजार डॉलरच्या आसपास मिळते, तर त्याच तोडीच्या जोडीला खासगी क्लिनिकात चार हजारांपासून सात हजारांपर्यंत मोजावे लागतात. मूळ मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, श्रवणयंत्रे १९६५ च्या कायद्यातच वगळली गेली आणि ती आजही वगळलेलीच आहेत. मुलांनी बोलावून घेतल्यामुळे ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना तर इथे सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअरच मिळत नाही. म्हणजे हा खर्च बहुतेक घरांत खिशातूनच होतो आणि बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या खिशातून होतो. त्यामुळे पुष्कळ आजी-आजोबा 'मला ऐकू येतं की' असे म्हणत विषयच टाळतात, हे मी रोज पाहते.

स्वस्त म्हणजे हलके, ही शंका आधी दूर करू. जगातील बहुतेक श्रवणयंत्रे पाच मोठ्या उद्योगसमूहांकडून येतात: स्वित्झर्लंडची सोनोव्हा, डेन्मार्कच्या डेमांट आणि जीएन, सिग्निया व वायडेक्स ही नावे चालवणारी डब्ल्यूएस ऑडिऑलॉजी, आणि मिनेसोटातील स्टार्की. क्लिनिकात मिळणारे फोनॅक सोनोव्हाचे, ओटिकॉन डेमांटचे आणि रीसाउंड जीएनचे. कॉस्टकोतील फिलिप्स हे डेमांटचेच, रेक्सटन डब्ल्यूएसचे आणि जॅब्रा जीएनचे. कॉस्टकोच्या स्वतःच्या कर्कलँड नावाने मिळणारे दहाव्या पिढीचे यंत्र सोनोव्हाने बनवलेले होते. जोडी चौदाशे डॉलरला मिळायची आणि २०२२ च्या अखेरीस ती बंद झाली, याची हळहळ अजून अनेकांना आहे. सांगायचे म्हणजे, कारखाने तेच आहेत. फार तर क्लिनिकात नवी चिप थोडी आधी पोहोचते आणि एखाददुसरी सोय जास्त असते.

मग किमतीतील तफावत कशाची? क्लिनिकच्या आकड्यात यंत्राबरोबर तपासणी, बसवणे, पुढच्या काही वर्षांच्या भेटी, जागेचे भाडे आणि डॉक्टरेट घेतलेल्या ऑडिऑलॉजिस्टचा वेळ असे सगळे एकत्र बांधलेले असते आणि ते वेगवेगळे करून क्वचितच दाखवले जाते. कॉस्टको प्रचंड संख्येने खरेदी करते, नफा कमी ठेवते आणि सभासद वर्गणीवर भागवते. तिथे तपासणीला व नंतरच्या भेटींना वेगळे पैसे पडत नाहीत आणि १८० दिवसांत यंत्र परत करता येते. क्लिनिकात ही मुदत सहसा यापेक्षा बरीच कमी असते. कॉस्टकोत आपल्यासमोर बसणारी व्यक्ती कधी ऑडिऑलॉजिस्ट असते, तर कधी राज्याचा परवाना असलेली श्रवणयंत्र-तंत्रज्ञ असते. मी स्वतः क्लिनिकवाली आहे, तरी सांगते की परवानाधारक तंत्रज्ञांपैकी कितीतरी जण हे काम अतिशय नेटाने करतात.

आता मुद्द्याचे बोलते. दुकान कोणते आणि यंत्र कोणते, हे दोन प्रश्न जाहिरातींमुळे मोठे झाले आहेत. आपल्याला ऐकू किती येणार हे मुख्यतः ठरते ते यंत्र आपल्या कानात बसल्यावर त्याचा आवाज कोणत्या स्वरपट्टीत किती वाढवला आहे यावरून, आणि तो तितका वाढला आहे की नाही हे कोणी मोजून पाहिले का यावरून.

तपासणीत आपण बंद खोलीत बसून 'बीप' ऐकली की बटण दाबता. त्यातून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक स्वरपट्टीत आपल्याला किमान किती मोठा आवाज लागतो त्याचा आलेख तयार होतो, तोच ऑडिओग्राम. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात हा आलेख उजवीकडे उतरत जातो. भांड्यांचा खणखणाट, ट्रकची घरघर ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ', 'ख' यांतला उंच स्वरपट्टीतला भाग हरवतो. म्हणून आपण म्हणता, 'आवाज येतो, पण शब्द लागत नाही,' आणि नातवंडांचे बोलणे तर मुळीच कळत नाही, कारण मुलांचा आवाज आधीच बारीक आणि बोलणे भरभर. हा ऑडिओग्राम संगणकात भरला की कंपनीची आज्ञावली एका फटक्यात यंत्र जुळवून देते. या पहिल्या जुळवणीला 'फर्स्ट फिट' म्हणतात. ती कानाला गोड वाटावी, गिऱ्हाईक बिचकू नये, असा तिचा कल असतो. त्यामुळे उंच स्वरपट्ट्यांत आवाज बहुधा गरजेपेक्षा कमी वाढवलेला असतो, म्हणजे नेमका जिथे तो हवा होता तिथेच कमी. शिवाय आज्ञावली सरासरी कान गृहीत धरते. प्रत्येकाच्या कानाच्या नळीची लांबी, रुंदी आणि वळण वेगळे असल्याने तेच यंत्र दोन माणसांच्या पडद्याजवळ वेगवेगळा आवाज पोहोचवते.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. त्याला रिअल-इअर मापन म्हणतात. ते कसे होते हे नीट सांगते, म्हणजे आपल्याबाबतीत ते झाले की नाही हे आपल्यालाच ओळखता येईल. आधी कानात दिव्याने पाहून मळ नाही ना याची खात्री करतात. मग शेवयीइतकी बारीक, मऊ सिलिकॉनची नळी कानाच्या नळीत पडद्यापासून सुमारे पाच मिलिमीटर अंतरावर पोहोचेल इतकी आत सरकवतात. थोडी गुदगुली होते, क्वचित खोकला येतो. तिच्यावरून यंत्र बसवतात. समोरच्या स्पीकरवर एक चमत्कारिक बोलणे लागते, ज्यातला एकही शब्द कळत नाही. घाबरू नका, तो आपल्या कानांचा दोष नाही. ते ध्वनिमुद्रण अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्या स्त्रियांच्या वाक्यांचे तुकडे जोडून मुद्दाम निरर्थक केलेले असते. ते आधी हळू, मग मध्यम आणि मग मोठ्याने वाजवतात. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ आपल्या ऑडिओग्रामवरून काढलेल्या लक्ष्याची असते, आणि दुसरी आपल्या कानात प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या आवाजाची. दुसरी रेघ पहिलीच्या जवळ येईपर्यंत तज्ज्ञ एकेक पट्टी वरखाली करतो. लक्ष्य काढण्याचे सर्वांत प्रचलित सूत्र ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजने तयार केलेले आहे. शेवटी एक जोराचा आवाज देऊन यंत्र कानाला असह्य होईल इतके जात नाही ना, हेही पाहतात.

अमेरिकेतील ऑडिऑलॉजिस्टांच्या व्यावसायिक संघटना कित्येक वर्षे हे मापन करण्याची शिफारस करत आल्या आहेत. तरीही अनेक क्लिनिकांत ते होत नाही. मापनाचे यंत्र तिथे असते, त्याच्यावर धूळ असते. उलट कॉस्टकोच्या अनेक केंद्रांत ते नित्याच्या कामाचा भाग आहे. माझे मत स्पष्ट आहे: हे मापन करणारे गोदामवजा दुकान, ते न करणाऱ्या गालिचाच्या आणि कॉफीच्या क्लिनिकपेक्षा केव्हाही चांगले. तेव्हा भेटीची वेळ घेतानाच फोनवर विचारा, 'तुम्ही रिअल-इअर मापन करता का, आणि ते प्रत्येकासाठी करता का?' उत्तरात 'आमच्या यंत्रांना त्याची गरज पडत नाही' असे ऐकू आले, तर दुसरीकडे फोन करा.

एक गोष्ट आपल्याला विशेष लागू पडते. बीप ऐकण्याच्या तपासणीनंतर शब्दांची तपासणी होते. ध्वनिमुद्रित आवाज 'से द वर्ड' असे म्हणून एकेक इंग्रजी एकाक्षरी शब्द उच्चारतो आणि आपण तो परत म्हणायचा असतो. फार वापरल्या जाणाऱ्या यादींपैकी एक नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९६६ साली तयार झाली. संदर्भ नसलेला, अमेरिकन उच्चाराचा सुटा शब्द ओळखणे हे ज्यांचे शिक्षण आणि नोकरी मराठीत झाली त्यांना धडधाकट कानांनीही अवघड जाते. शिवाय 'थिन' नीट ऐकूनही आपण आपल्या मराठी 'थ'ने तो म्हणतो आणि समोरची व्यक्ती तो 'टिन' समजून चूक धरते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचेही तेच. अशा चुका साठून गुण घसरतात आणि नोंद होते की शब्द समजण्याची क्षमता कमी आहे. या नोंदीवरून पुढे 'यंत्राचा फार उपयोग होणार नाही' असाही निष्कर्ष निघू शकतो, क्वचित कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी) तपासून घ्या असेही सुचवले जाऊ शकते. बीपच्या तपासणीला भाषा लागत नाही, यंत्राची जुळवणी तिच्यावरच होते, त्यामुळे तिथे नुकसान नाही. पण शब्दांच्या तपासणीआधी 'इंग्रजी माझी दुसरी भाषा आहे' हे सांगा आणि तशी नोंद करायला लावा. जुळवणीच्या दिवशी घरातले कोणी बरोबर न्या, त्यांना दोन-तीन पावले मागे उभे करा आणि मराठीत बोलायला सांगा. मराठीतला महाप्राण, 'ख', 'छ', 'ठ' यांमागचा श्वास ऐकू येतो का, 'पळ' आणि 'फळ' वेगळे कळतात का, हे पाहणे कोणत्याही केंद्रात पाच मिनिटांचे काम आहे.

कोणत्या लोकांनी क्लिनिक टाळू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगते. एका कानाने दुसऱ्यापेक्षा बरेच कमी ऐकू येत असेल, एकाच कानात सतत गुंजन असेल, कान वाहत असेल किंवा दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिऑलॉजिस्ट. एका बाजूच्या बहिरेपणामागे कधीतरी श्रवणनाडीवरची गाठ निघते आणि ती श्रवणयंत्राने झाकली जाता कामा नये. ऐकू येणे एकाएकी, एक-दोन दिवसांत गेले, तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तर ऐकू येणे परतण्याची शक्यता वाढते, त्यामुळे पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन थांबू नका. खूप तीव्र बहिरेपणा, मध्यकर्णाचे जुने दुखणे, आणि मुलांचे कान हेही क्लिनिकचेच काम. कॉस्टको अठरा वर्षांखालच्यांना यंत्रे बसवत नाही. ज्यांना मेडिकेअर आहे त्यांना २०२३ पासून वर्षातून एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ऑडिऑलॉजिस्टकडे निदानासाठी जाता येते. ती तपासणी करून घ्या, ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या, आणि साधा, दोन्ही कानांत सारखा, वयोमानाचा बहिरेपणा निघाला तर खुशाल कॉस्टकोची वाट धरा. तिथे बहुधा ते पुन्हा तपासतील. ते बरेच आहे, दोन आलेख शेजारी ठेवता येतील.

ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय, औषधांच्या दुकानातही यंत्रे मिळू लागली आहेत आणि २०२४ मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ लाही श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची मान्यता मिळाली. सौम्य ते मध्यम बहिरेपणाच्या, मोबाइलशी मैत्री असलेल्या प्रौढांसाठी ती ठीक आहेत. मोबाइलवर फोन घेतानाच ज्यांची तारांबळ उडते, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

यंत्र घेतले की काम अर्धे झाले. चष्मा लावला की लगेच दिसते, तसे इथे होत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले कागदाचे फडफडणे, फ्रीजची घरघर, फोडणीचा तडतडाट मेंदूला नव्याने ओळखावा लागतो. पहिले काही आठवडे सगळे कर्कश वाटते आणि लोक यंत्र डबीत ठेवतात. रोज, सकाळपासून, घरात एकटे असतानाही ते लावले तरच कान सरावतात. मात्र सगळेच 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नये. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत असेल, तर बहुधा कानात बसणारी रबरी टोपी फार बंद प्रकारची आहे; छिद्रे असलेली टोपी देऊन पाहता येते. कोणी मिठी मारली की शीळ वाजते, तर टोपी सैल आहे, कानात मळ आहे, किंवा साचा घेऊन बनवलेला मोल्ड हवा आहे. आवाज एकाएकी मंदावला, तर आधी टोकाची मळाची बारीक जाळी बदला. निम्म्या वेळा यंत्र बिघडलेलेच नसते.

पुढच्या भेटीला जाताना 'नीट ऐकू येत नाही' इतकेच सांगितले, तर तज्ज्ञ सगळा आवाज थोडा वाढवून देईल आणि आपली अडचण तशीच राहील. वहीत लिहून न्या: कुठे, कोण बोलत होते, मागे कसला आवाज होता. 'देवळात आरती चालू असताना झांजा सहन होत नाहीत' आणि 'जेवणाच्या टेबलावर सुनेचे कळते, नातीचे नाही' या दोन तक्रारींवर दोन वेगळे उपाय आहेत. पहिलीत जोराच्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणतात, दुसरीत उंच पट्टीतला हळू आवाज वाढवतात. अशी वाक्ये ऐकली की समोरच्याचे काम सोपे होते, मग तो क्लिनिकातला असो की कॉस्टकोतला. बदल केल्यानंतर तीच नळी घालून पुन्हा मोजायला सांगायला संकोचू नका.

हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांनी एक गोष्ट विकत घेण्याआधीच विचारावी. दुकानांच्या साखळीसाठी बनवलेली काही यंत्रे त्या साखळीच्याच आज्ञावलीने उघडतात. पुण्यात किंवा नाशकात त्याच मूळ कंपनीचे केंद्र असले, तरी तिथे ती जुळवता येत नाहीत. हमीही बहुधा विकत घेतलेल्या देशापुरती असते. वर्षातले सहा महिने तिकडे काढणाऱ्यांनी म्हणूनच क्लिनिकात मिळणाऱ्या कुलूप नसलेल्या यंत्राला थोडे जास्त पैसे मोजले, तर ते वाया जात नाहीत. जे महिनाभरासाठीच जातात, त्यांनी मळाच्या जाळ्या, जादा टोप्या आणि चार्जर जाताना हातातल्या बॅगेत ठेवावा. पावसाळ्यात कोकणात राहायचे असेल, तर यंत्र रात्री सुकवण्याची डबीही न्यावी. ती वीस-तीस डॉलरला मिळते. आता चिठ्ठ्यांतले उरलेले प्रश्न घेऊ.