पन्हळ नेमकी कुठे गळतेय?

नमस्कार मंडळी! मिरग तोंडावर आलाय, तेव्हा आज पन्हळीचं बघूया. गळकी पन्हळ म्हणजे अंगणात चार थेंब, एवढ्यावर भागत नाही. तेच पाणी भिंतीवर उडतं, जोत्याशी मुरतं, वाशांची टोकं कुजवतं.

आता एक लक्षात घ्या, थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पन्हळीच्या तळाला चिकटून सरकतं आणि पुढच्या क्लॅम्पपाशी टपकतं. म्हणून आधी पालापाचोळा, माती सगळं उपसा. पुष्कळदा गळती नसतेच, तोंड तुंबून पाणी काठावरून सांडत असतं. शिडी धरायला खाली माणूस हवाच. जवळून विजेची वायर जात असेल, तर तिथे अजिबात चढू नका.

मग मगाने पाणी ओता. सुरुवात खालच्या टोकाकडून, उतरत्या पाइपाजवळून, आणि एकेक जोड घेत वर सरका. वरून ओतलंत तर सगळेच जोड भिजतात, गळणारा कुठला ते कळत नाही. हा बघा, सापडला! रिव्हेटच्या कडेने बारीक ओल येतेय. शेजारी कोरड्या जागी खडूने खूण करा.

बुजवायचं ते आतून. बाहेरून लिंपलंत तर पाणी जोडात साचून राहतं आणि पत्रा गंजत जातो. जुनं सीलंट खरवडा, तारेचा ब्रश मारा, पूर्ण वाळू द्या. ओल्यावर काही धरत नाही. पत्र्याला न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं.

पन्हळ पीव्हीसीची असेल, तर मळून लावायची इपॉक्सी पुट्टी जोडावर थापू नका. 6 मीटरची पन्हळ तापमानातल्या 30 अंशांच्या फरकाने साधारण 12 मिलिमीटर वाढते. पुट्टी कडक असते, ती तडकणारच. तिथे जोडातलं रबर बदला.

आणि भिंत भिजतेय, पण एकही जोड गळत नाही? मग कौलांची टोकं बघा. ती पन्हळीत नीट पोचली नसतील, तर पाणी मागच्या मागे उतरतं. कौलाखालून पत्र्याची पट्टी सरकवा, तिची खालची कड पन्हळीत आली पाहिजे.

सिलिकॉनला 24 तास द्या, मग पुन्हा मगाने पाणी ओतून बघा.