खोदण्याआधी कपाट उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

पुरातत्त्वज्ञ म्हटलं की टोपी, कुंचला आणि मातीतून अलगद वर येणारी मूर्ती, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मी मात्र एका कपाटापासून सुरुवात करणार आहे.

१९४४ साल. मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून नुकतेच आले होते. मद्रासच्या संग्रहालयात एक कपाट चाचपताना त्यांच्या हाताला फुटक्या भांड्याची मान आणि तिचा लांबट कान लागला. ब्रिटनमधल्या रोमन वसाहती खणण्यात त्यांची अनेक वर्षं गेली होती. हा अँफोरा आहे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने मद्य किंवा तेल भरून येणारा रोमन रांजण, हे त्यांना लगेच कळलं. तुकडा होता पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडूचा. ते पाँडिचेरीला गेले, तर तिथल्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या काचपेट्यांमध्ये असेच आणखी तुकडे, आणि त्यांच्या जोडीला इटलीतल्या अरेझो गावच्या लाल, तुकतुकीत भांड्यांची खापरं.

या लाल खापरांचं मोल सोन्याहून जास्त होतं. कारण ही भांडी केव्हा घडवली जात होती, ते युरोपात आधीच ठाऊक होतं. म्हणजे ज्या थरात ती सापडतील, त्याच थरातल्या दक्षिण भारतीय भांड्यांनाही काळ देता येणार. १९४५ मध्ये अरिकमेडूला उत्खनन झालं आणि दक्षिण भारताच्या प्राचीन कालगणनेला इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास एक पक्की खुंटी मिळाली.

हे तुकडे आधीच कुणीतरी गोळा करून ठेवले होते. लोक त्यांच्यासमोरून ये-जा करत होते. कमी होता तो ओळखणारा हात.

पुरातत्त्वात संशोधन करायचंय, असं सांगत मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: खणायला कधी मिळेल? मिळेल हो. पण एका हंगामात जे खणलं, त्याच्या मागे धुणं, क्रमांक घालणं, चित्रं काढणं, मोजणं आणि लिहिणं अशी काही वर्षं लागतात. ही वर्षं ज्याला शिक्षा वाटतील, त्याने हौशी सहली कराव्यात. त्यातही आनंद आहे. संशोधन मात्र याच वर्षांत होतं.

खणण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उत्खनन म्हणजे वस्तू बाहेर काढणं नव्हे. जुन्या वस्तीच्या टेकाडात माती थरांनी साचलेली असते, खाली जुनं, वर नवं. पण माणसं स्वस्थ कुठे बसतात! कुणी धान्य साठवायला बळद खणतं, कुणी कचऱ्याला खड्डा करतं, आणि वरची माती थेट पाचशे वर्षं जुन्या थरात जाऊन पडते. त्या खड्ड्याची कड ओळखायची असते ती मातीच्या रंगातल्या किंचित फरकावरून. भिंत थापीने तासायची, पाण्याचा हलका फवारा मारायचा, आणि ओल सुकताना डोळे बारीक करून बघायचं. कड चुकली, तर खड्ड्यातला लोखंडाचा तुकडा जुन्या थरात नोंदला जातो आणि तुम्ही भाबडेपणाने जाहीर करता की इथे लोखंड पाचशे वर्षं आधीच आलं.

माझ्या हातून हे झालंय. विद्यार्थी असताना मी तीन दिवस अशा एका खड्ड्यातली माती 'थर क्रमांक चार' म्हणून काढत होते. आमच्या बाई चराच्या काठावर आल्या, उभ्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझा चौथा थर बशीसारखा का दिसतोय?" बस, एवढंच. तीन दिवसांच्या पिशव्यांवर मला 'मिश्रित' असं लिहावं लागलं. ती माती पुन्हा जागेवर ठेवून नव्याने खणता आली नसती. रसायनशास्त्रात प्रयोग फसला तर दुसरी परीक्षानळी घेता येते. आमच्याकडे एकदा काढलेला थर कायमचा गेला, उरते फक्त वही. म्हणून एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये थरांचे संबंध दाखवणारी साध्या चौकटींची आकृती मांडली, ती आज जगभर वापरली जाते. कोण कुणाच्या वर, कोण कुणाला कापून गेलंय, एवढंच तिच्यात असतं. दिसायला वंशावळीसारखी.

आता इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याचं थडगं. ४ नोव्हेंबर १९२२ ला हॉवर्ड कार्टर यांच्या कामगारांना पहिली पायरी लागली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर आतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू नोंदवून, सावरून बाहेर काढायला सुमारे दहा वर्षं लागली, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि इतकं करूनही संपूर्ण शास्त्रीय अहवाल कार्टर यांच्या हयातीत आलाच नाही. ते १९३९ मध्ये गेले. आणखी एक गंमत: ते इजिप्तमध्ये प्रथम आले ते सतराव्या वर्षी, भिंतींवरची चित्रं नकलून घेणारे चित्रकार म्हणून. त्यांची नजर तयार झाली ती पेन्सिलीने.

माझे आवडते मात्र फ्लिंडर्स पेट्री. त्यांच्यापुढे इजिप्तमधल्या इतिहासपूर्व काळातल्या थडग्यांचा ढीग होता. लेख नाहीत, नाणी नाहीत, राजांची नावं नाहीत. त्यांनी सुमारे ९०० थडगी निवडली, प्रत्येकीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी केली, तिच्यावर त्या थडग्यात कोणकोणत्या प्रकारची भांडी होती ते लिहिलं, आणि सारखी भांडी जवळजवळ येतील अशा तऱ्हेने पट्ट्या मागेपुढे सरकवत राहिले. दिशा कळली ती एका भांड्याच्या कानामुळे. आधी तो धरता येईल असा नागमोडी कान होता, मग नुसता शोभेचा उंचवटा राहिला, शेवटी तर रंगवलेली एक रेघ. १८९९ मध्ये त्यांनी ही क्रमवारी प्रसिद्ध केली. संगणक नव्हता, कोळसा, दाणे अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं वय काढणारी कार्बन-१४ची पद्धत यायला अजून पन्नास वर्षं होती. एक माणूस, नऊशे पट्ट्या आणि अफाट चिकाटी.

कार्बन-१४ विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये आणला आणि १९६० मध्ये त्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याने आमचं काम सोपं झालं, असं लोक समजतात. सोपं झालं नाही, प्रश्न बदलले. कोळशाच्या तुकड्याचं वय म्हणजे ते लाकूड झाडात केव्हा वाढलं त्याचा काळ, चूल केव्हा पेटली त्याचा नव्हे. तीनशे वर्षं जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड जाळलं असेल, तर आकडा तितकाच मागे जातो. म्हणून प्रयोगशाळेत पाठवायला जाणती मंडळी एका हंगामात उगवून संपणारा जळका दाणा शोधतात. तो मिळवायचा तर माती पाण्यात ढवळायची, दाणे तरंगतात, बारीक चाळणीत गोळा करायचे.

इथे एक दार उघडतं, ते तरुण श्रोत्यांनी नीट पाहावं. पुरातत्त्वात शिरायला इतिहासाचाच विद्यार्थी असावं लागत नाही. दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र लागतं, हाडं ओळखायला प्राणिशास्त्र. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत २००८ मध्ये बोटाच्या हाडाचा एक छोटासा तुकडा मिळाला. त्याच्या डीएनएवरून २०१० मध्ये तोवर अज्ञात असलेला एक मानवसमूह उजेडात आला. या क्षेत्रातल्या कामासाठी स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. ग्वाटेमालाच्या जंगलावरून विमानातून लेझर किरण सोडून माया संस्कृतीच्या साठ हजारांवर वास्तूंच्या खुणा २०१८ मध्ये जाहीर झाल्या. ते काम नकाशे आणि संगणक जाणणाऱ्यांचं. तुमच्या हातात आधीच जे शास्त्र आहे, ते टाकून येऊ नका.

पदव्यांची वाट ठरलेलीच आहे: पदवी, पदव्युत्तर, मग पीएच.डी. त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते प्रश्नापाशी. "मला सिंधू संस्कृतीवर काम करायचंय" हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. "या एका वस्तीत रांजणांची तोंडं दोनशे वर्षांत लहान का होत गेली?" हा प्रश्न. ऐकायला कोता वाटेल, पण यातून साठवण कळते, कुटुंबाचा आकार कळू शकतो, कुंभार कोण होते हेही कधीकधी कळतं. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नासोबत राहायचं असतं, तेव्हा तो आवडता असावा.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. विद्यापीठांतल्या कायम जागा थोड्या, इच्छुक पुष्कळ. हे जगभर तसंच आहे. पण काम फक्त विद्यापीठात नसतं. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून आणि इंग्लंडमध्ये १९९० पासूनच्या नियोजन धोरणामुळे, रस्ता किंवा इमारत उभी राहण्याआधी जमिनीतल्या अवशेषांचा विचार करावा लागतो, आणि तिथले बरेच पुरातत्त्वज्ञ याच कामावर असतात. मुदतीचं काम, वर पाऊस, मागे बुलडोझर. संग्रहालयं आहेत, जतनाच्या प्रयोगशाळा आहेत. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की पहिली काही वर्षं कराराची असतील.

जाता जाता एक काम देते. एखादं फुटकं मातीचं भांडं शोधा, त्याच्या तोंडाच्या कडेचा बोटभर तुकडा घ्या. कागदावर एकाच मध्यबिंदूभोवती अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळं काढा. तुकड्याची कड ज्या वर्तुळावर अचूक बसेल, तेवढं भांड्याचं तोंड. मग त्या तुकड्याचा उभा छेद काढा, जाडीसकट. पहिलं चित्र चुकेल, दुसरंही चुकेल. तिसऱ्यांदा खोडरबर उचलताना कंटाळा आला की तुकडा नेमका कुठे वळतो हे बघावंसं वाटलं, तेवढं मला पत्राने कळवा. चित्र सोबत पाठवलंत तर उत्तमच.

नमस्कार.