वही मिटल्यावर
(लातूरच्या एका अभ्यासिकेत विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

मुलांनो, आणि मागं बसलेल्या पालकांनो,

वर्गात आम्ही विचारतो, "समजलं का?" साठ गळ्यांतून एकदमच येतं, "हो सर." पोरं खोटं बोलत नसतात. समजलेलंच असतं. पण समजणं वेगळं आणि येणं वेगळं. सरांच्या हातून गणित सुटताना समजतं; रात्री कोऱ्या कागदावर आपल्या हातून सुटलं, तर ते आलं.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं चारही वेळा उतारा वाचला. दुसऱ्यानं पहिल्या वेळी वाचला आणि पुढं तीनदा, न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आणि 'माझ्या लक्षात राहील' ही खात्री जास्त कुणाला होती? वाचणाऱ्यांनाच! मला या आकड्यांपेक्षा त्या खात्रीची भीती वाटते.

तुमचे वडील पहिल्या सरीला सोयाबीन पेरत नाहीत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी खातं सांगतं. रान वरून भिजलेलं दिसलं तरी ते वीतभर उकरून बघतात, ओल कुठवर गेलीय. अंदाज चुकला की दुबार पेरणी. नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांदा बसायला आलेली कितीतरी मुलं मला सांगतात, "सर, सगळं वाचलं होतं." उकरून बघायचं राहून गेलेलं असतं.

औसा तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे होती. टेस्ट सोडवताना ती प्रश्नापुढं पेन्सिलीनं खूण करायची: पक्कं असेल तर टिंब, अंदाज असेल तर फुली. पेपर तपासून आला की गुण बघायच्या आधी ती टिंब असूनही चुकलेले प्रश्न शोधायची. बरोबरला 4, चुकीला वजा 1. म्हणजे असा एकेक प्रश्न 5 गुणांचा खड्डा. तिचे बरेचसे खड्डे आनुवंशिकतेत निघाले. तो धडा झाला म्हणून तिनं महिनाभर उघडलाच नव्हता. नुसतं कळून गुण वाढत नाहीत, पण रात्रीचे दोन तास कुठं घालायचे हे तिला त्या दिवशी कळलं.

पालकांना एक विनंती. "किती तास बसलास?" हे विचारू नका. "आज काय येत नाही ते सापडलं का?" असं विचारा, आणि पोरानं खरं सांगितलं तर रागावू नका. 'येत नाही' म्हटल्यावर ज्या घरात बोलणी बसतात, तिथलं लेकरू आधी तुमच्यापासून लपवतं आणि मग स्वतःपासूनही. हे मी फार जवळून पाहिलंय.

आता वह्या मिटा. कोरं पान घ्या. हृदयाची आकृती काढून किती भागांना नावं देता येतील, तो आकडा आधी कोपऱ्यात लिहा. मग काढायला घ्या. दहा मिनिटं आहेत.