बाबा, काय म्हणत होता?

नमस्कार मंडळी.

पोहण्याची उन्हाळी बॅच संपत आली की टँकवर एक प्रसंग हमखास घडतो. पोरं शॉवरखाली दंगा करत असतात, आईबाप टॉवेल घेऊन ताटकळत असतात, आणि सर हळूच जवळ येऊन म्हणतात, "हिचा हात छान पडतोय. जूनपासून क्लबच्या बॅचला पाठवा की." मग घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली आई विचारते, "म्हणजे आता नक्की काय करायचं?" आजचं बोलणं त्या आईसाठी आहे. स्कूटर चालवणाऱ्या बाबांसाठी तर जास्तच, कारण एके काळी तो बाबा मी होतो.

मी स्वतः पोहायला शिकलो विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधला, काकांनी वरून ढकललं, झालं शिक्षण. आठवड्यानं भोपळा कधी सुटला तेही कळलं नाही. ते पोहणं होतं बुडू नये म्हणून. क्लबचं पोहणं वेगळं. तिथं न बुडणं धरूनच चालतात. तिथं प्रश्न एकच असतो, तेच पन्नास मीटर गेल्या महिन्यापेक्षा कमी वेळात होतात का. आता विहिरींवर जाळ्या आल्या, बऱ्याचशा बुजल्याही, आणि पोरांच्या जिवाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण वरून उडी घ्यायची जी बेफिकिरी विहीर द्यायची, ती दंडाला बांधायच्या त्या नारिंगी फुग्यांनी येत नाही, हे माझं ठाम मत आहे. घरात कुणाला पटत नाही. असो.

क्लबला गेलं की पहाटे किंवा संध्याकाळी, आणि पुढं पुढं दोन्ही वेळेला, पाण्यात उतरायचं. सर फळ्यावर लिहितात, "आठ वेळा पन्नास, दर सव्वा मिनिटाला." नवीन पालक ते वाचून गोंधळतात. अर्थ सोपा आहे. पन्नास मीटर एका मिनिटात झाले तर पंधरा सेकंद विश्रांती मिळाली. पाच सेकंद आधी पोचला तर वीस सेकंद मिळाली. रेंगाळला तर विश्रांतीच गेली. परत सांगतो, दर सव्वा मिनिटाला सुटायचं, लवकर पोचाल तेवढा दम जास्त मिळेल. किक मारायची फळी बहुतेक क्लबांत असते. तुम्ही घ्यायचं ते गॉगल, कॅप आणि घट्ट बसणारा कॉश्चूम. झुळझुळीत बर्म्युडा नको, त्यात पाणी भरतं आणि पोरगं लंगर टाकल्यासारखं पोहतं.

आता ती गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढं बोलता येत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

साल 2003, मे महिना. मुलगी नऊ वर्षांची. क्लबला जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. शेजारच्या जिल्ह्यात वयोगटाच्या स्पर्धा होत्या. आम्ही एस.टी.नं निघालो, मी, ती आणि माझी आई. आईनं दशम्या घेतल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी घेतली होती, आणि काय वाटलं कोण जाणे, मे महिन्यात एक स्वेटरही घेतला होता. मी घेतलं होतं स्टॉपवॉच. नवंकोरं, गळ्यात अडकवायचं. महिनाभर मी रोज टँकच्या काठावर उभा राहून तिचं टायमिंग घेत होतो, आणि रात्री जेवताना तिला ते वाचून दाखवत होतो. पोरगी वरणभात खायची आणि ऐकायची.

तिथं पोचलो तर प्रमुख पाहुणे आलेले नव्हते. सकाळी सातला पोरांनी वॉर्मअप केला, आणि साडेनऊपर्यंत ओल्या अंगानं रांगेत उभी. मग नारळ, मग हार, मग भाषण. आईच्या स्वेटरचा उपयोग तेव्हा कळला. उद्घाटन करायचंच असेल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत करावं, ओल्या पोरांसमोर करू नये. मी हे वीस वर्षं प्रत्येक संयोजकाला सांगत आलोय. सगळे मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हार आणतात.

तर, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. तिसरी हीट, म्हणजे पोहणाऱ्यांची तिसरी तुकडी, सहावी लेन. शिट्टी झाली, पोरी ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, चढल्या, "टेक युवर मार्क" झालं, आणि सुटल्या. माझी पोरगी सुटली ती थेट दुसऱ्या नंबरवर! पंचवीस मीटरपर्यंत दुसरी, तिसाला दुसरी. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिचे पाय मंदावलेत.

इथं माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. मी वीज मंडळात होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला खालून, वाऱ्यापावसात, हाक ऐकू जायला लागते. असा वीस वर्षं कमावलेला आवाज. मी कठड्याच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं पळत सुटलो आणि ओरडलो, "पाय मार! अगं पाय मार! पाय!"

पाण्यात डोकं असताना खरं तर काही धड ऐकू येत नाही. पण आमचा आवाज पोचला. सदतीस-अडतीस मीटरवर, जिथं तळ वर येतो आणि पाणी गळ्याएवढं होतं, तिथं माझी मुलगी थांबली. उभी राहिली. गॉगल कपाळावर घेतला. प्रेक्षकांत मला शोधलं. आणि म्हणाली,

"काय?"

सगळा टँक हसला. बाकीच्या पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. मी म्हटलं, "अगं काही नाही, पोह, पोह!" मग तिनं शांतपणे गॉगल डोळ्यांवर घेतला, पट्टी मागं नीट बसवली, केस आत सारले, आणि उरलेलं अंतर पोहून शेवटच्या नंबरानं भिंतीला हात लावला. एक मिनिट नऊ सेकंद.

मला वाटलं बाद केली असणार. तसाच पळत पंचांच्या टेबलाशी गेलो. तिथं एक वयस्कर बाई होत्या, पांढरी साडी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "बाई, माझी चूक आहे, पोरीला बाद करू नका." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "फ्रीस्टाइलमध्ये उभं राहिलेलं चालतं. चाललेलं चालत नाही."

मला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. "तळाला पाय टेकून उभी राहिली, हरकत नाही. तळावरून पावलं टाकत गेली असती तर बाद. ती उभी राहिली, चालली नाही. तुम्ही मात्र चाललात, पळालात आणि ओरडलात. तुम्ही बाद."

आणि त्यांनी माझ्या गळ्यातल्या घड्याळाकडं बोट दाखवलं. "हे नीट चालतं ना? दुसऱ्या लेनला माझा एक टाइमकीपर आलेला नाही. तिथं बसा. टाइमकीपरनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा नियम आहे." तेव्हापासून मी टाइमकीपर. दुसऱ्यांच्या मुलांची घड्याळं लावतो आणि गप्प बसतो.

दुपारी झाडाखाली दशम्या खाताना पोरीनं विचारलं, "बाबा, मगाशी काय म्हणत होता?"

"पाय मार म्हणत होतो."

"मारतच होते की."

मी आईकडं पाहिलं, निदान ती तरी बाजू घेईल म्हणून. आई म्हणाली, "तिला काय बोलतोस? मोठ्या माणसानं हाक मारली की हातातलं टाकून थांबायचं, हे मीच शिकवलंय तिला."

माझ्या गोष्टीनं बराच वेळ खाल्ला, तेव्हा नियम आता भराभर सांगतो, पण घरी कागदावर लिहून घ्या. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय, या दोन प्रकारांत वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एक हात आधी लागला की बाद. परत सांगतो, ब्रेस्ट आणि फ्लाय, दोन्ही हात, एकदम. लहान मुलं सगळ्यात जास्त बाद होतात ती इथंच. जिंकत आलेलं पोरगं घाईनं एक हात पुढं टाकतं आणि संपलं. दुसरं, सुटण्याचा इशारा व्हायच्या आधी हलायचं नाही. दुसरी संधी नसते. बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, वर पताका दिसतात त्या शोभेच्या नाहीत, भिंतीच्या पाच मीटर अलीकडं बांधलेल्या असतात. पताका दिसल्यापासून किती हातांत भिंत येते ते मुलानं सरावात मोजून ठेवायचं.

आणि लेन. आमचं पोरगं पहिल्या लेनला का टाकलं म्हणून पालक संयोजकांशी भांडतात. यात वशिला नसतो. आठ लेनच्या टँकमध्ये सगळ्यात चांगल्या टायमिंगचा मुलगा चौथ्या लेनला, त्यानंतरचा पाचव्या, मग तिसऱ्या, सहाव्या, असं बाहेर बाहेर जातं. टायमिंग सुधारलं की मूल आपोआप मधे सरकतं.

घड्याळाचंही सांगतो, ते माझ्या हातातलं काम. जिथं हातानं वेळ घेतात तिथं एका लेनला तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ धरतात. तिन्ही वेगळी आली तर मधली. समजा 42.31, 42.38 आणि 42.50 आली, तर 42.38. चौथं घड्याळ, म्हणजे तुमच्या मोबाइलमधलं, कुणी विचारत नाही. मोठ्या स्पर्धांत भिंतीवर पॅड असतं, हात लागला की वेळ थांबते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला शंभर मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेचा मायकेल फेल्प्स 50.58 सेकंद आणि सर्बियाचा चाविच 50.59. एका सेकंदाचा शंभरावा भाग! चाविच पुढं होता, तो हात लांब करून सरकत राहिला. फेल्प्सनं अर्धा हात जास्त मारला आणि भिंत जोरात दाबली. म्हणून सर ओरडतात ना, भिंतीपर्यंत पोहा, भिंतीच्या अलीकडं संपवू नका, ते यासाठी.

त्याच बीजिंगला आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही होता, सोळा वर्षांचा. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं पन्नास मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. 1986 च्या खजानसिंगनंतर जलतरणात आपल्याला तिथं पदक मिळालं ते थेट तेव्हा. आणि सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. ही आपल्या पंचक्रोशीतली माणसं. मी शाळांत विचारतो तेव्हा पोरांना क्रिकेटच्या अकरा जणांची नावं पाठ असतात, या दोघांपैकी एक येत नाही.

पालक मला हमखास विचारतात, दहावीला क्रीडागुण मिळतील ना? पातळी गाठली तर मिळतील, चौकशी शाळेत करा. पण नऊ वर्षांच्या पोराला त्यासाठी पाण्यात घालू नका. सहा वर्षं पहाटे उठायचं आहे, गुणांच्या आशेवर कुणी एवढं उठत नाही. आणि नववी संपली की टँक बंद करणारे पालक, त्यांच्याशी माझं भांडण आहे, ते वेगळ्या कार्यक्रमात.

समोर स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं. तेवढ्यात पिशवी भरून देतो. स्पर्धेला जाताना दोन गॉगल, एक ऐन वेळी तुटतोच. दोन टॉवेल, एक पोहण्याआधीच भिजतो. केळी, राजगिऱ्याचे लाडू, लिंबू सरबत. टँकबाहेरच्या गाडीवरचा वडापाव शर्यत संपल्यावर, आधी नाही. एक स्वेटर, मे महिना असला तरी. आदल्या रात्री नखं काढा. सरावानंतर केस गोड्या पाण्यानं धुवा, क्लोरीन राहिलं की केस झाडूसारखे होतात. आणि टॉवेलवर मार्करनं नाव घाला. दर स्पर्धेनंतर आमच्या टेबलावर सात-आठ बेवारशी टॉवेल उरतात, त्यातले दोन माझ्या घरी पायपुसणी झालेत.

नमस्कार.